बराक नंबर चारचं पाणी

मुकादम फरशीवर पालथा पडला होता. उजवा कान फरशीला टेकवलेला, डोळे मिटलेले आणि एक हात वर, सगळ्यांनी गप्प बसावं म्हणून. बराक नंबर चारमधले बाकीचे एक्केचाळीस जण आपापल्या पथारीवर बसून हा तमाशा बघत होते.

“डॉक्टर, पेशंट काय म्हणतोय?” ड्रायव्हरने विचारलं.

“पोट बिघडलंय त्याचं. तू तोंड बंद ठेव, म्हणजे मला नीट ऐकू येईल.”

बराकीत हशा पिकला. मुकादम मात्र हसला नाही. फरशीखालून बारीक आवाज येत होता, कुणीतरी दातांच्या फटीतून पाणी ओढून घ्यावं तसा. नळाचं पाणी बंद होऊन अर्धा तास झाला होता. बंद नळाच्या पाइपात आवाज कसला? मुकादम उठून बसला, गुडघे झाडले आणि कोपऱ्यातल्या संडासाकडे बघत राहिला. संडास रोजच्यासारखा तुंबला होता आणि त्याचं पाणी उंबरा ओलांडून पहिल्या रांगेतल्या पथाऱ्यांपर्यंत आलं होतं.

“दोन्ही पाइप एकाच चरातून नेलेत,” तो म्हणाला. “मैल्याचा फुटलाय, त्यातच आपल्या पिण्याचा पाइप बुडालाय. त्यालाही कुठेतरी भोक आहे. नळ चालू असतो तोवर पाणी बाहेर गळतं. नळ बंद झाला की पाइप बाहेरचं आत ओढतो. सकाळी पहिल्या बादलीला वास येतो ना, तो गंजाचा नाही.”

काहींनी हातातले पेले खाली ठेवले. ड्रायव्हरने नेमकं तेव्हाच पाणी प्यायलं होतं. तो पेल्याच्या तळाशी बघत राहिला.

मुकादमाने बावीस वर्षं शहराच्या ड्रेनेज खात्यात काढली होती. सोळा वर्षं खाली उतरणाऱ्यांत आणि शेवटची सहा वर्षं उतरणाऱ्यांच्या टोळीचा मुकादम म्हणून. कुठल्या गल्लीखाली कुठला पाइप वळतो हे त्याला तळहातासारखं पाठ होतं. तुरुंगात यायचं कारण मात्र कामाशी संबंधित नव्हतं. त्याच्या आणि भावाच्या घरांमधल्या भिंतीवरून भांडण झालं, शब्दाने शब्द वाढला आणि त्याने हातातल्या फावड्याचा दांडा सख्ख्या भावाला हाणला. भावाचा हात दोन ठिकाणी मोडला. कोर्टात त्याने एकदाही “मी नाही केलं” म्हटलं नाही. तीन वर्षांची शिक्षा झाली, ती त्याने मान खाली घालून घेतली. भाऊ कधी भेटायला आला नाही आणि यावा अशी त्याने अपेक्षाही केली नाही.

दुसऱ्या दिवशी तो हवालदाराकडे गेला. हवालदाराने वर सांगतो म्हणून सांगितलं. चार दिवसांनी मुकादमाने कागद मागून घेतला आणि स्वतःच लिहिलं. त्याला अर्ज लिहायची एकच पद्धत माहीत होती, टोळीच्या रोजच्या अहवालाची. *ठिकाण: बराक चारच्या मागे, तिसरा चेंबर. खोली: अंदाजे सात फूट. प्रकार: मैल्याची लाईन फुटली. धोका: पिण्याच्या पाण्यात मैला. माणसं: बेचाळीस. उपाय: दोन दिवसांचं काम.*

जेलरने तो कागद त्याच्यासमोर वाचला.

“इंजिनियर झालास का रे?”

“नाही साहेब. पण एवढं कळतं.”

“इथे काय लॉज आहे? की पाहुणा आलायस?” जेलरने कागद टेबलाच्या कडेला सरकवला. “वरून मंजुरी लागते. टेंडर निघतं. तोवर पाणी गाळून प्या.”

“गाळून मैला जात नाही साहेब.”

“बाहेर हो.”

पुढच्या महिन्यात बराकीतले अकरा जण आजारी पडले. जुलाब, उलट्या. तुंबलेला एकच संडास आणि त्याच्यासमोर पोट धरून उभी असलेली रांग. कुणाला थांबवत नव्हतं, मग जिथे होईल तिथे. बेचाळीस जणांना दोन झाडू आणि अर्धी बाटली फिनेल. बाकीचे हळूहळू सावरले. ड्रायव्हर सावरला नाही.

ड्रायव्हर तिशीचा. टेंपो उलटून एक माणूस दगावला म्हणून त्याला धरलेलं. खटला उभाच राहत नव्हता. अकरा महिने तो नुसता तारखा मोजत होता. बडबड्या माणूस. पण तिसऱ्या दिवशी त्याची बडबड थांबली. गाल बसले, डोळे खोल गेले. मुकादमाने त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली, खाली बसेना.

तो रविवार होता. मुकादमाने दाराच्या गजांवर ताटली आपटायला सुरुवात केली.

“काय बोंबलतोय?” हवालदार आला.

“ह्याला दवाखान्यात न्या. आत्ता.”

“डॉक्टर उद्या येणार. रविवार आहे.”

“आजाराला रविवार कळतो का हो? हा उद्यापर्यंत राहणार नाही!”

“मीठ-साखरेचं पाणी पाज.”

“कुठलं पाणी?” मुकादम ओरडला. “कुठलं पाणी पाजू, सांगा ना! तुमच्या घरचं आणून देता?”

हवालदाराने दंडुका गजांवर मारला आणि तो निघून गेला. दुपारी तीन वाजता बराकीतल्या चौघांनी ड्रायव्हरला चादरीत घालून दारापाशी आणलं आणि सगळ्यांनी मिळून ताटल्या बडवल्या, तेव्हा कुठे गाडी आली. उचलून गाडीत ठेवेपर्यंत ड्रायव्हर मुकादमाचं बोट धरून होता. मग हवालदाराने ते बोट सोडवलं. रुग्णालयात पोचायच्या आतच तो गेला.

कागदावर कारण आलं: हृदयक्रिया बंद पडली.

“कुणाची पडत नाही?” मुकादम बराकीच्या भिंतीशी बोलल्यासारखा म्हणाला. “मेल्यावर सगळ्यांचीच बंद पडते. बंद कशाने पडली ते लिहा ना.”

त्या दिवसापासून त्याच्या पोटात एक निखारा पडला आणि तो काही केल्या विझेना. भावाचा हात मोडला तेव्हाचा राग असाच होता, पण तो दोन मिनिटांत उतरला आणि मागे नुसती लाज उरली. हा राग वेगळा होता. हा सकाळी त्याच्यासोबत उठायचा आणि दिवसभर शेजारी बसून राहायचा.

त्याने वरच्या कोर्टाला अर्ज लिहिला आणि तुरुंगाच्या टपालात टाकला. तीन आठवड्यांनी कार्यालयातल्या कारकुनाच्या टेबलावर, चहाच्या कपाखाली, त्याला स्वतःचंच अक्षर दिसलं. पुढच्या मुलाखतीला बायको आली तेव्हा त्याने जाळीला तोंड लावलं.

“लिहून घे.”

“काय?”

“मी सांगतो ते. कागद आहे?”

मुलाखतीच्या खोलीत जाळीच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा माणसं एकाच वेळी ओरडत होती. कुणाचं कुणाला कळत नव्हतं. बायको शिवणकाम करायची; तिच्या पिशवीत ब्लाउजची मापं लिहायची वही होती. तिने ती मांडीवर घेतली.

“ठिकाण, बराक चारच्या मागे—”

“जरा मोठ्याने!”

“बराक चार! मागे! तिसरा चेंबर!”

“चेंबर, हं. पुढे?”

तीन पानं झाली. वेळ संपल्याची घंटा वाजली. तिने पेन पिशवीत टाकलं आणि जाळीतून त्याच्याकडे बघितलं.

“भावाला मारायच्या आधी असा तीन पानं विचार केला असतात तर आज आपण इथे नसतो,” ती म्हणाली.

“खरंय.”

“हे पाठवल्यावर ते तुम्हाला त्रास देतील.”

“देतील.”

“मग?”

“तो पोरगा माझं बोट धरून होता गं,” एवढंच तो म्हणाला.

तिने उरलेलं पुढच्या मुलाखतीला लिहून घेतलं, सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि वरच्या कोर्टाला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. मापांच्या वहीतली पानं होती, प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलेलं: *छाती, कंबर, बाही.* तिने ते खोडायची तसदी घेतली नाही. कोर्टाने त्याच कागदांची याचिका करून घेतली आणि मुकादमाला फुकट वकील नेमून दिला. ती एक सडपातळ, चष्मेवाली वकीलबाई होती, बोलायची भराभर आणि ऐकायची त्याहून नीट.

नोटीस तुरुंगात पोचली त्या दुपारी जेलरने मुकादमाला चेंबरपाशी बोलावलं. दोन हवालदार उभे होते. झाकण बाजूला सरकवलेलं.

“तुझंच काम ना हे? उतर आणि घाण काढ.”

मुकादमाने आत डोकावून पाहिलं. मग नुकत्याच काढलेल्या झाकणाकडे पाहिलं.

“झाकण आत्ता काढलंय साहेब. तासभर हवा जाऊ द्यावी लागते. मग पेटता दिवा सोडून बघायचा, विझतो का. मला दोर पाहिजे, दोर धरायला दोन माणसं, हातमोजे, गमबूट, तुंबलेलं ढकलायला बांबूच्या लांब पट्ट्या. आणि पाण्याचा पाइप बदलायला नवा तुकडा. एवढं द्या, मी दोन दिवसांत लाईन मोकळी करून देतो. फुकट.”

“हाताने काढ.”

“हाताने नाही काढणार.”

“बाहेर बरं काढायचास!”

“सुरुवातीला काढायचो. माझ्याबरोबरचे तिघं आत मेले. मुकादम झाल्यावर माझ्या टोळीतला एकही माणूस मी हाताने काढायला उतरवला नाही. इथेही उतरणार नाही.”

जेलर त्याच्या अगदी जवळ आला. “माज आलाय तुला. कोर्टाचा कागद आला म्हणून?”

“कागद नंतर आला साहेब. दोर मी बाहेर होतो तेव्हापासून मागतोय.”

आदेश मोडला म्हणून अठरा दिवस त्याला एकट्याच्या खोलीत ठेवलं. दहा पावलं लांब, चार पावलं रुंद. कोपऱ्यात जमिनीत भोक, भोकाला झाकण नाही, वरचा नळ कोरडा. दिवसातून दोनदा एक बादली यायची. तेच पिण्याचं, तेच धुण्याचं. मुलाखत बंद. त्या अठरा दिवसांत त्याने जेलरला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की शेवटी त्याच्याकडच्या शिव्याच संपल्या. मग तो खोलीतल्या पाइपाचा उतार मोजू लागला, वितीने. उतार उलटा होता. असल्या मिस्त्रीला काम कुणी दिलं, म्हणून त्याला नवा राग आला आणि त्या रागावर उरलेले दिवस निघाले.

कोर्टाने तुरुंग बघायला माणूस पाठवायचं ठरवलं. तारीख आठवडाभर आधी कळवण्यात आली होती, त्यामुळे आठवडाभर तुरुंगात लगबग चालली. भिंतींना चुना लागला. संडासावर इतकी पावडर मारली की डोळ्यांतून पाणी यावं. वरच्या टाकीत टँकरने पाणी भरलं. बराकीतले वीस जण दुसऱ्या बराकीत हलवले. मुकादमाला मात्र हलवता आलं नाही. अर्जदार तोच होता.

कोर्टाचा माणूस म्हणजे पांढऱ्या केसांचा, जाड भिंगांचा एक वयस्कर वकील. त्याने नळ सोडून बघितला. पाणी काचेसारखं आलं.

“चांगलं दिसतंय,” तो म्हणाला.

“रोज असंच असतं सर,” जेलर म्हणाला. “चला, ऑफिसात चहा सांगितलाय.”

सोबत आलेल्या वकीलबाईने मुकादमाकडे बघितलं. तो पुढे आला.

“साहेब, एक विनंती. वरच्या टाकीचा वॉल बंद करायला लावा. अर्धा तास इथेच थांबा. मग नळ सोडा.”

“सर, ह्या लोकांचं काही खरं नसतं,” जेलर घाईने म्हणाला. “अर्धा तास तुम्ही इथे, या वासात…”

“कुठल्या वासात?” म्हाताऱ्याने विचारलं.

म्हाताऱ्याने घड्याळ बघितलं, एक बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसला.

“मला बाहेर काही काम नाही,” तो म्हणाला. “वॉल बंद करा.”

त्या अर्ध्या तासात जेलर दोनदा बाहेर जाऊन आला. मग म्हाताऱ्याने स्वतः उठून नळ सोडला. नळ आधी खोकला. हवेचे दोन-तीन झटके आले आणि मग करड्या रंगाची धार पडली, तिच्यात काळे तंतू. वास आला तसा जवळचा हवालदार नकळत मागे सरकला. म्हाताऱ्याने पिशवीतून तीन बाटल्या काढल्या, एकेक भरली, झाकणांवर लाख लावून घेतली.

सुनावणीला मुकादमाला बेडी घालून नेलं. कोर्टात बेडी काढली. सरकारी वकील उंच, तुकतुकीत माणूस होता. त्याने मोठ्या शांतपणे विचारलं:

“तुम्ही ड्रेनेज खात्यात किती वर्षं होतात?”

“बावीस.”

“म्हणजे बावीस वर्षं तुम्ही मैल्यातच काम केलंत. बरोबर?”

“बरोबर.”

“मग अशा माणसाने संडासाच्या वासाची तक्रार करावी, हे जरा गमतीचं नाही का?”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वकीलबाई उठू लागली. मुकादमाने हातानेच तिला थांबवलं.

“साहेब,” तो म्हणाला, “मी खाली उतरायचो तेव्हा वर दोर धरून माणूस बसलेला असायचा. काम झालं की वर यायचो, साबणाने अंघोळ करायचो, घरी जाऊन जेवायचो. मी घाण काढत होतो, पीत नव्हतो. इथे मला ती पाजली. माझ्यासारख्या बेचाळीस जणांना पाजली. एकाला मरेपर्यंत पाजली.” त्याचा आवाज चढला. “मी गुन्हा केला, मला तीन वर्षं झाली. तो निकाल माझ्याकडे आहे. त्यात तीन वर्षं लिहिलीत. मैला प्यायचा असं कुठे लिहिलंय, ते मला दाखवा. दाखवा ना!”

न्यायाधीशबाईंनी समोरच्या फायलीतलं ब्लाउजच्या मापांचं पान उलटलं आणि पुढचं वाचायला घेतलं.

निकाल लागायला सात महिने गेले. मधे दोनदा न्यायाधीश बदलले, एकदा सरकारी वकील आजारी पडला. निकाल आला तो बारा पानांचा. तुरुंगाचं पाणी पिण्यायोग्य नव्हतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बंदी झाला म्हणून माणसाचा स्वच्छ पाण्याचा हक्क संपत नाही, असंही. नव्वद दिवसांत लाईन नवी टाकायची होती आणि ती टाकलीही. मुकादम गजांतून ते काम बघायचा. चर वेगवेगळे खणले होते, उतार सरळ होता. जेलरची तोवर वरच्या हुद्द्यावर बदली झाली होती. ड्रायव्हरसाठी मात्र बारा पानांत एकच वाक्य आलं होतं.

“ह्याच्यावर पुढे जाता येईल?” मुकादमाने वकीलबाईला विचारलं.

“त्याच्या आईला वेगळा दावा करावा लागेल,” ती म्हणाली. “पण शवविच्छेदनच झालेलं नाही. फार अवघड आहे. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही.”

“त्यांनी शवविच्छेदन केलं नाही, म्हणून पुरावा नाही. पुरावा नाही, म्हणून ते सुटले.”

“हो.”

“वा,” मुकादम म्हणाला. “वा रे वा.”

शिक्षा संपून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तो निकालाची नक्कल घेऊन ड्रायव्हरच्या आईकडे गेला. अरुंद गल्ली, समोरासमोर दारं, संध्याकाळची वेळ, सगळे उंबऱ्यांवर बसलेले. आई वाकलेली होती, पण आवाज खणखणीत. तो कोण, आणि पोराने शेवटी त्याचं बोट धरलं होतं, ते कळल्यावर तिने त्याचा हात धरला आणि कुठलं बोट म्हणून विचारलं. त्याने उजव्या हाताचं पहिलं बोट दाखवलं. तिने ते एकदा घट्ट दाबलं आणि सोडून दिलं.

“कागदात काय आहे?” तिने विचारलं.

“कोर्टाने म्हटलंय की पाणी घाण होतं. चूक तुरुंगाची.”

“वाचून दाखव, दादा.”

तो आत जायला निघाला तशी ती दारातच आडवी उभी राहिली.

“आत नको. इथे. दारात उभा राहून वाच, आणि जोरात वाच. ही गल्ली दोन वर्षं म्हणतेय की माझा पोरगा आत मारामारीत मेला. कुणी म्हणतं नशेत मेला. समोरच्या इस्त्रीवाल्याने तर मला तोंडावर सांगितलं, चांगलं वळण लावलं असतं तर ही वेळ आली नसती. त्यांना ऐकू दे.”

मुकादम उंबऱ्यावर उभा राहिला. मुकादमकीची सहा वर्षं त्याने चेंबरच्या तोंडाशी वाकून खालच्या माणसाला हाका मारल्या होत्या. आवाज कसा पोचवायचा ते त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याने वाचायला सुरुवात केली. कोर्टाची भाषा जड होती, काही शब्दांवर तो अडखळला, मागे येऊन पुन्हा वाचला. पाइपाचं पान झालं. बाटल्यांच्या तपासणीचं पान झालं. रविवारी डॉक्टर नसतो, त्याचं पान झालं. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. बायका दारांत आल्या. खेळणारी पोरं कुणीतरी गप्प केली. आई बाजूला, दाराच्या चौकटीला टेकून, समोर गल्लीकडे बघत उभी होती.

अकराव्या पानावर ते वाक्य आलं. मुकादम थांबला.

“काय झालं?” आई म्हणाली. “संपलं?”

ते गाळता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. त्याने आतापर्यंत वाचत होता तितक्याच जोरात ते वाक्य वाचलं:

“‘याच काळात सदर बराकीतील एक बंदी आजारपणाने मयत झाला असून, त्याच्या मृत्यूचा प्रस्तुत बाबीशी संबंध सिद्ध होत नाही.’”

चौकटीला टेकलेली आई सरळ उभी राहिली.

“हे खोटं आहे,” मुकादम म्हणाला आणि पुढची ओळ वाचू लागला.